भोकाच्या पैशाला दहा लाख देणाऱ्यास खुले पत्र

प्रति,
‘जुनी नाणी विका, लखपती व्हा’ असे व्हिडिओ टाकणारे भाऊ,
पत्ता : जो तुम्ही कुणालाच देत नाही तो.

भाऊ,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुमच्यासाठी ती मोडतो. नमस्कार करायला समोर माणूस दिसावा लागतो. तुमच्या व्हिडिओत दिसतात ती फक्त दोन बोटं, त्यांत धरलेलं एक नाणं आणि मागे रचलेल्या नोटांच्या गड्ड्या. आवाज मात्र भारदस्त. ‘तुमच्या घरात हे नाणं आहे का? मग आजच लखपती व्हा!’ हा आवाज आता वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत पोचला आहे. आर्वीत चहाच्या टपरीवर तो वाजतो, हिंगणघाटला जिनिंगमध्ये जेवणाच्या सुटीत वाजतो, सेलूच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर वाजतो. मग लोक पुरचुंड्या घेऊन माझ्याकडे येतात, कारण मला जुनी नाणी जमवायचा आणि वाचायचा नाद आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. लाखांचे आकडे तुम्ही पेरता आणि माणसाच्या तोंडावर खरा भाव सांगायचं काम माझ्या वाट्याला येतं. म्हणून हे पत्र.

तुमचा भाव आधी मांडतो. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट : पाच लाख. शेवटी ७८६ आकडा असलेली कुठलीही नोट : तीन लाख. वैष्णोदेवीचं दहा रुपयांचं नाणं : दहा लाख. आणि भोकाचा पैसा : तोही दहा लाख.

आता भोकाच्या पैशाचाच हिशेब करू. हा पैसा १९४३ ते १९४७ या काळात निघाला. महायुद्ध पेटलं होतं, धातूची टंचाई होती, म्हणून सरकारने पैसा लहान केला आणि मधला धातूही काढून घेतला. वजन जेमतेम दोन ग्रॅम. मुंबई-कलकत्त्याबरोबर लाहोरच्या टांकसाळीतही तो पाडला गेला. अशी कोट्यवधी नाणी बाहेर पडली. आमच्याकडे बायांनी ती पोरांच्या करदोट्यात ओवली आणि पुरुषांनी नटाखाली वायसर म्हणून लावली. आजही जुन्या घराची अडगळ उपसली की दोन-चार हमखास हाती लागतात. तुमच्या भावाने त्यांतले फक्त एक कोटी पैसे घ्यायचे म्हटले, तरी दहा लाख कोटी रुपये मोजावे लागतील. महाराष्ट्र सरकारचा अख्ख्या वर्षाचा अर्थसंकल्प याहून लहान असतो. एवढं घबाड बाळगणारा माणूस देवळी तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या बाईकडे नोंदणीचे साडेबाराशे रुपये का मागतो, एवढंच मला सांगा.

त्या बाईंबद्दल आता सविस्तर बोलू, कारण तुम्हाला त्या आठवत नसतील. तुम्ही आधी नोंदणी मागितली. मग जीएसटी मागितला. मग रिझर्व्ह बँकेचं चिन्ह छापलेलं एक पत्र मोबाईलवर पाठवून ‘एनओसी’चे पैसे मागितले. कापसाच्या चुकाऱ्यातून बाजूला ठेवलेली रक्कम त्यांनी नातवाच्या हाताने तुम्हाला पाठवली. त्यानंतर तुमचा नंबर बंद लागू लागला. त्या माझ्याकडे आल्या आणि टेबलावर कापडाची गाठ सोडून म्हणाल्या, ‘माह्या सासूच्या लुगड्याच्या गाठीतले हायेत हे. तो म्हने, दहा लाख येतीन. दहा लाख राहू दे बापा, खरं काय हाये ते सांग.’

भाऊ, तुमच्या सगळ्या व्हिडिओंत मिळून जेवढी अक्कल नाही तेवढी या एका वाक्यात आहे. नाणं हातात घेणाऱ्या नव्या माणसाने पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो : खरं काय आहे? किती येतील, हा प्रश्न त्याच्या मागून येतो. तुम्ही दुसरा प्रश्न पुढे आणलात आणि पहिला पुसून टाकलात. माझी तुमच्यावरची खरी फिर्याद हीच आहे. साडेबाराशे रुपयांची फिर्याद पोलीस पाहून घेतील.

त्या गाठीत काय होतं ते आता पाहा. तुम्ही पाहिलं नव्हतं. तुम्ही फक्त फोटो मागवला होता.

पहिला निघाला १८३५चा पाव आणा, म्हणजे जुना तांब्याचा पैसा. एका बाजूला ढाल धरून उभे असलेले दोन सिंह आणि खाली लॅटिन ओळ : इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांच्या आश्रयाने. दुसऱ्या बाजूला पानांच्या कड्यात इंग्रजीत ‘वन क्वार्टर अ‍ॅना’, भोवती ‘ईस्ट इंडिया कंपनी’. असे चार मिळून एक आणा, चौसष्ट मिळून एक रुपया. १८३५ साली कंपनीने आपल्या मुलुखासाठी एकसारखी नाणी करण्याचा कायदा केला, त्यातला हा पैसा. तुम्ही म्हणता, ‘एकशे नव्वद वर्षं जुना, म्हणून दुर्मिळ.’ टांकसाळीने पुढची कित्येक वर्षं १८३५ हेच साल घालून हा पैसा पाडला, हे तुम्हाला माहीत नाही. नाण्यावरचं साल म्हणजे दरवेळी ते पाडल्याचं साल नव्हे. म्हणून हा पैसा आजही ढिगाने सापडतो. त्याचं मूळ वजन साधारण साडेसहा ग्रॅम. तांब्याच्या भावाने जेमतेम काही रुपयांचा माल. बऱ्यापैकी राहिलेला असेल तर संग्राहक त्याला शंभराच्या आतबाहेर देतो.

पण बाईंचा पैसा बऱ्यापैकी राहिलेला नव्हता, आणि त्याला कारण तुम्ही. ‘फोटो स्पष्ट येण्यासाठी नाणं लिंबू आणि राखेने चकचकीत करा’ असं तुम्ही व्हिडिओत सांगता. त्यांनी केलं. तांब्यावर इतक्या वर्षांत चढलेला काळसर तपकिरी थर गेला आणि खालचा धातू गुलाबी उघडा पडला. भिंगाखाली धरला तर सिंहांच्या आयाळीवर राखेच्या कणांचे बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेने गेलेले. अंगठा ज्या बाजूने फिरला ती बाजूही त्यात वाचता येते. अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या. तो थर म्हणजे मळ नव्हता. तांब्याने हवेशी जुळवून घेऊन स्वतःवर घातलेलं ते पांघरूण होतं, आणि जाणकार नाण्याचा खरेपणा पाहताना आधी तेच पाहतो. एकदा निघालं की परत चढवता येत नाही. पावणेदोनशे वर्षं हातोहाती फिरून जे टिकलं, ते तुमच्या एका फोटोपायी अर्ध्या तासात गेलं. नवशिक्याने नाण्यांबद्दल एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिकावी : घासू नका. चिंच नको, लिंबू नको, भांड्यांची पावडर नको. फार माती असेल तर साध्या पाण्यात भिजवून ठेवावं, मऊ कापडाने टिपावं, घासू नये. नाणं कडेने धरावं. कागदाच्या पाकिटात ठेवावं; स्वस्त प्लास्टिकच्या पाकिटात काही वर्षांनी तांब्यावर चिकट हिरवा थर धरतो.

दुसरा निघाला १८६२चा राणीछाप पाव आणा. मुकुट घातलेली व्हिक्टोरिया, झिजून गालाची रेघ सपाट झालेली. बाजारात याचीही किंमत साधीच, कारण असेही अमाप निघाले. पण १८५७च्या उठावानंतर कंपनीचं राज्य संपून राणीचं सुरू झालं, आणि राणीचा चेहरा असलेली सरकारी नाणी १८६२ पासून आली. त्याच १८६२ साली नागपुरातून वेगळा काढून वर्धा जिल्हा करण्यात आला. जिल्ह्याचं ठाणं तेव्हा पुलगावजवळ कवठ्याला होतं. आजचं वर्धा शहर वसवलं गेलं ते १८६६ मध्ये. म्हणजे ज्या पैशाला तुम्ही ‘लाखात विकून टाका’ म्हणता, त्यावर कोरलेलं साल आमच्या जिल्ह्याचं जन्मसाल आहे. हे मी बाईंच्या नातवाला सांगितलं तेव्हा त्याने तो पैसा माझ्या हातातून परत घेतला आणि पुन्हा पाहिला. तुमच्या व्हिडिओनंतर त्याने तो एकदाही उलटून पाहिला नव्हता.

तिसरा निघाला चांदीचा रुपया, पंचम जॉर्जचा, १९१८चा. तुमच्या हिशेबाने ‘शंभर वर्षांवरचा, म्हणून पाच लाख’. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारकडे चांदी कमी पडली, तेव्हा अमेरिकेने १९१८ साली कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी इकडे विकली. तिचे रुपये पडले, तेही प्रचंड संख्येने. म्हणून १९१८चा रुपया चांगला असला तरी दुर्मिळ नाही. पण तो फुकटही नाही. १९३९ पर्यंतच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. १९४० पासून चांदी निम्मीच राहिली. १९४७चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा, त्यात चांदीचा कणही नाही. तेव्हा चांदीचा जुना रुपया कुणाच्या घरी निघाला तर त्या दिवसाचा चांदीचा भाव विचारावा. त्याहून कमी किंमत कधीच घेऊ नये. त्यावर किती, ते नाण्याची अवस्था ठरवते. बाईंना मी हाच हिशेब कागदावर मांडून दिला. ही रक्कम तुमच्या पाच लाखांपुढे लहान आहे, पण सराफाच्या काट्यावर ती खरी उतरते.

पंचम जॉर्जच्याच रुपयांत एक खरोखर वेगळा आहे, आणि तो तुमच्या व्हिडिओत नसतो, कारण तो ओळखायला डोळे लागतात. १९११चा. राजाच्या झग्यावर हत्ती होता, पण त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला. त्यावरून असंतोष पसरला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांतले साधारण सातच लाख बाहेर गेले. बाकी वितळवले आणि पुढच्या वर्षी सोंड लांब करून नवा साचा आला. म्हणून १९११च्या रुपयाला १९१८च्या रुपयापेक्षा जास्त मागणी आहे. फरक सात वर्षांचा नाही, सोंडेचा आहे.

मग त्या गाठीतून दोन भोकाचे पैसे निघाले. दहा-वीस रुपयांचे. घोड्याचा एक पैसा, १९५०च्या पहिल्या प्रजासत्ताक मालिकेतला. तोही साधा. आणि पितळी रंगाचं वीस पैशांचं नाणं, त्यावर गांधीजींचा चेहरा.

या वीस पैशांबद्दल तुम्हाला विशेष झापायचं आहे. या नाण्यावर ‘महात्मा गांधी’ या नावाबरोबर १८६९ आणि १९४८ ही सालं आहेत. तुम्ही व्हिडिओत बोट ठेवून सांगता, ‘बघा, १९४८चं नाणं, स्वतंत्र भारताचं पहिलं नाणं.’ १८६९ आणि १९४८ ही गांधीजींच्या जन्म-मृत्यूची सालं आहेत. नाणं जन्मशताब्दीचं, १९६९चं. स्वतंत्र भारताच्या स्वतःच्या चिन्हांची पहिली नाणी १९५० साली आली, आणि शंभर पैशांचा रुपया १९५७च्या १ एप्रिलपासून. १९४८ साली ‘वीस पैसे’ नावाचं नाणंच अस्तित्वात नव्हतं. थाप ऐकणाऱ्या सगळ्यांना हे कळावं असं नाही. पण गांधीजी १९३६ पासून ज्या मातीत येऊन राहिले, ज्या सेवाग्रामच्या शाळांतली मुलं बापूकुटी पाहत मोठी होतात, तिथल्या माणसाला गांधीजींच्या मृत्यूचं साल नाण्याच्या जन्माचं साल म्हणून विकायला तुम्ही धजावलात, याचा मला संताप आहे. हे नाणंही लाखोंनी निघालेलं, काही रुपयांत मिळणारं. त्याच वर्षी पन्नास पैसे, एक रुपया आणि दहा रुपयांची नाणीही निघाली. दहाचं तेवढं चांदीचं होतं, १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदी. घरात ते असेल तर तेच जपून ठेवावं.

शेवटी निघाली पितळेची एक जाड चकती. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता आणि हनुमान. दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ आणि ‘हाफ अ‍ॅना’. ती बाईंना तुमच्याच धंद्यातल्या कुणीतरी जत्रेत विकली होती, ‘हिच्यामुळे बाकीच्यांची किंमत वाढते’ असं सांगून. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. अर्ध्या आण्याचं एकसारखं नाणं आलं १८३५च्या कायद्याने, आणि त्यावर देव नाहीत, सिंह आहेत. या चकत्या बाजारात विकण्यासाठी ओतलेल्या आहेत. देवाचं चित्र आहे म्हणून कुणाला देवघरात ठेवायची असेल तर त्याने खुशाल ठेवावी. पण तिला नाणं म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि तीत देवाला ओढणं हा त्याहून मोठा हलकटपणा आहे. हीच चकती तांदूळ ओढते असं दाखवून ‘राईस पुलर’ म्हणून कोटींचे सौदे करणारी टोळकी तुमचीच भावंडं. तांदळाच्या दाण्यांना लोखंडाचा कीस चिकटवला की ते दडवलेल्या चुंबकाकडे सरकतात. त्यात चमत्कार कसला?

भाऊ, किंमत कशी ठरते ते आता ऐका, आणि जमलं तर पुढच्या व्हिडिओत हेच सांगा.

जुनेपणाने किंमत ठरत नाही. सातवाहनांची नाणी अठराशे ते दोन हजार वर्षांची आहेत. आमच्या विदर्भात ती शेताशेतांत निघतात. एकट्या तऱ्हाळ्याला, आजच्या वाशीम जिल्ह्यात, १९३९ साली त्यांचा दीड हजारावर नाण्यांचा साठा सापडला आणि मिराशींसारख्या विद्वानाने तो वाचला. एक बाजू हत्तीची, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह, धातू मिश्र. असं साधं सातवाहन नाणं संग्राहकांत काही शे रुपयांना मिळतं. उलट मुंबईच्या टांकसाळीतला १९३९चा रुपया शंभर वर्षांचाही झालेला नाही, आणि लिलावात लाखाच्या घरात जातो, कारण तो अगदी थोडा बाहेर पडला. तेव्हा पाहायचं ते असं : किती पाडली, वितळून-झिजून किती उरली, उरलेल्यांत या अवस्थेतली किती, आणि हवी असणारे किती. या चार गोष्टींचं गणित म्हणजे किंमत. पहिल्या तीन पुस्तकातून आणि डोळ्यांनी कळतात. चौथी कळायला बाजारात बसावं लागतं.

अवस्था पाहायची म्हणजे नाण्याचा सगळ्यात उंच भाग पाहायचा, कारण तोच आधी झिजतो. व्हिक्टोरियाचे केस, जॉर्जच्या मुकुटातले खडे, सिंहाची आयाळ. तिथल्या रेषा सुट्या दिसत असतील तर नाणं चांगलं, एकमेकींत मिसळल्या असतील तर मध्यम, पुसल्या असतील तर साधं. खिडकीच्या उजेडात नाणं तिरपं धरून हे पाच मिनिटांत शिकता येतं. स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांवर सालाखाली चिन्ह पाहायचं : पत्त्यांतली चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. ताऱ्याचं नाणं पाहून तुम्ही ‘स्टार कॉइन, दोन लाख’ ओरडता. हैदराबादच्या टांकसाळीतून निघालेल्या साध्या नाण्यांवरही हा तारा असतो, आणि ती किराणा दुकानाच्या गल्ल्यात रोज पडतात.

खोटं ओळखायचं तर सराफाच्या काट्यावर वजन करायचं. १९०६ पर्यंतचा तांब्याचा पाव आणा साडेसहा ग्रॅमच्या आसपास, त्यानंतरचा ब्राँझचा पाच ग्रॅमहून थोडा कमी. झिजेने थोडं कमी भरेल, पण ग्रॅम-दीड ग्रॅमचा फरक आला की सावध. चुंबक लावायचं : तांबं, ब्राँझ, चांदी चिकटत नाही. पण १९४७चा वाघाचा रुपया चिकटतो आणि तरी खरा असतो, कारण तो निकेलचा. म्हणून धातू आधी माहीत असावा लागतो, चुंबक नंतर. कडेवर ओतकामाची शिवण दिसते का, अक्षरांभोवती बुडबुड्यांचे खड्डे आहेत का, तेही पाहायचं.

आणि भाव विचारताना मागितलेला भाव आणि झालेला भाव वेगळा धरायचा. माझ्या घराच्या फाटकावर मी ‘विकणे आहे, पन्नास कोटी’ अशी पाटी लावली म्हणून घर पन्नास कोटींचं होत नाही. एखाद्या संकेतस्थळावर कुणी भोकाच्या पैशापुढे दहा लाख लिहिलं की तुम्ही त्याचा फोटो दाखवून म्हणता, ‘बघा, विकलं जातंय.’ ते विकलं जात नाही, ते लटकलेलं असतं. नवशिक्याने लिलाव संपल्यावर छापलेले भाव पाहावेत, आणि एकाच नाण्याचे पाच-सहा सौदे पाहून मग मत बनवावं.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून सांगितलं आहे की ती जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत पडत नाही, त्यासाठी कुणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही, आणि तिच्या नावाने ते घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. तरीही तुमच्या पत्रावर तिचं चिन्ह आहे. तुम्ही बनावट नाण्यावर थांबला नाहीत, बनावट बँकही पाडलीत.

याहून वाईट गोष्ट तुम्ही परवाच्या व्हिडिओत सांगितली : ‘शेतात नांगरताना मडकं निघालं तर कुणाला सांगू नका, आधी मला फोटो पाठवा.’ कुठल्या जिल्ह्यात हे बोललात ते ध्यानात घ्या. धाम नदीकाठचं आमचं पवनार म्हणजे वाकाटकांचं जुनं ठिकाण. नागपूर विद्यापीठाने १९६७ साली तिथे उत्खनन केलं. या मातीत नाणी निघतात. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू आहे, ते खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. मडकं जागेवरून हललं, नाणी वाटली गेली, की कुठल्या राजाची किती, कुणाबरोबर कुणाची, किती खोलीवर, हे सगळं कायमचं पुसलं जातं. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, १८६३ पासून जी नाणी जमली, त्यांतून विदर्भाचा इतिहास कळला, तो मडकी कळवली गेली म्हणून. तुमचं ऐकणारा एक शेतकरी गुन्ह्यात अडकतो आणि आपण सगळे आपल्या इतिहासाचं एक पान गमावतो. तुम्हाला मात्र नोंदणीचे साडेबाराशे सुटतात.

साध्या तांब्याच्या नाण्यांचं मोल काय, हे ज्यांना कळलं त्यांतला एक माणूस आमच्याच भागात नोकरीला होता. जॉन हेन्री रिव्हेट-कार्नाक. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या आगेमागे हिंगणघाटच्या कापसाचं नाव जगभर झालं, तेव्हाचा तो मध्यप्रांत-वऱ्हाडचा कापूस आयुक्त. पुढे उत्तर हिंदुस्थानात असताना त्याने तांब्याची जुनी नाणी जमवली. त्यांवरची ‘मित्र’ शेवट असलेली राजांची नावं वाचून त्याने १८८०च्या सुमारास बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. जी नाणी बाजारात तांब्याच्या भावाने जात, त्यांतून राजांची नावं इतिहासात आली. ती नाणी तुमच्यासारख्याच्या हाती पडली असती तर आधी लिंबाने घासली गेली असती, मग फोटोत गेली असती, आणि नावं कुणी वाचलीच नसती.

तुम्ही मारलंत ते हेच कुतूहल. दहा-बारा वर्षांचं पोर आजीच्या गाठीतला पैसा घेऊन येतं, तेव्हा त्याला सिंह कशाला, राणी कोण, भोक का, असे प्रश्न पडायला हवेत. तुमच्या व्हिडिओनंतर त्याला एकच प्रश्न पडतो. उत्तर ‘वीस रुपये’ आलं की त्याचा चेहरा पडतो आणि नाणं पुन्हा डब्यात जातं. वीस रुपयांत महायुद्ध, लाहोरची टांकसाळ आणि आजीच्या लहानपणीचा बाजार हातात येतो, हे त्याला सांगायला कुणी उरत नाही. स्वस्त नाणं हीच नवशिक्याची खरी शाळा आहे. चुकलं तरी दहा रुपये जातात, आणि डोळा तयार होतो. त्या शाळेच्या दारातच तुम्ही दहा लाखांचं कुलूप घातलंत.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

एक : त्या बाईंचे आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांचे पैसे परत करा. तुमच्याकडे प्रत्येकाचा नंबर आहे.

दोन : व्हिडिओ काढून टाका. सगळे. ‘घासा’ म्हणणारे आधी.

तीन : हिंमत असेल तर एकदा वर्ध्याला या आणि चेहरा दाखवून चारचौघांसमोर भोकाचा पैसा दहा लाखांना विकत घ्या. वर्ध्यातल्या घराघरांतून पिशव्या भरून पैसे आणायची व्यवस्था मी करतो.

तुम्ही येणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तोवर मी माझं काम सुरू ठेवतो. जो पुरचुंडी घेऊन येईल त्याचं प्रत्येक नाणं वाचून, पाकिटावर राजा, साल, टांकसाळ, धातू, अवस्था आणि आजचा खरा भाव लिहून परत देतो. बाईंच्या नातवाच्या सातही पाकिटांवर ते लिहून दिलं आहे, आणि तुमच्या पितळी चकतीच्या पाकिटावरही लिहिलं आहे : ‘नाणं नव्हे.’

— वर्धा जिल्ह्यातला एक नाणेसंग्राहक

ता.क. : हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी. नाणं विकत घेणारा तुमच्याकडेच आधी पैसे मागत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. पैसे गेले असतील तर लाजू नका. वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि जवळच्या ठाण्यात तक्रार द्या. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त. आणि आजीच्या गाठीतली नाणी कृपा करून घासू नका.